प्रोटॉन कोठें थांबतो?



कर्करोगाच्या गांठीवर क्ष-किरण सोडले, कीं ते वाटेंतल्या निरोगी भागासहि इजा करतात आणि गांठ ओलांडून पलीकडे जातात. प्रोटॉनची रीत निराळी आहे. तो आपल्या वेगाप्रमाणें ठराविक खोलीवर थांबतो, आणि थांबतां थांबतां सर्वांत मोठा आघात करतो. कणांचा हा स्वभाव विल्यम ब्रॅग यांनीं १९०४ सालीं ऑस्ट्रेलियांत आल्फा कणांवरील प्रयोगांनीं उघड केला. १९४६ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट विल्सन यांनीं प्रोटॉनचा वैद्यकीय उपयोग सुचविला, आणि १९५४ मध्यें बर्कले येथें पहिल्या रोग्यावर हा उपचार झाला.

परंतु जो गुण तारक, तोच मारकहि होऊं शकतो. प्रोटॉन थोडा अलीकडे थांबला तर गांठीचा कांहीं भाग शिल्लक राहतो. पलीकडे गेला तर मज्जारज्जूसारखा नाजूक अवयव दुखावतो. म्हणून ‘किती सोडले’ याइतकाच ‘कोठें थांबले’ हा प्रश्न महत्त्वाचा.

याचें उत्तर पूर्वीं हवेनें भरलेल्या पात्रांत शोधीत. कण गेला कीं हवेंत विद्युद्भार सुटे होतात, ते मोजावयाचे. पण हवा विरळ. पात्र फार लहान केलें, तर मोजण्याजोगा भार मिळत नाहीं. १९४९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केनेथ मॅके यांनीं जर्मेनियम या अर्धवाहकावर आल्फा कण टिपून दाखविले. पुढें सिलिकन आलें. तें हवेच्या सुमारें दोन हजार पट घन. शिवाय त्यांत भारांची एक जोडी सुटी करण्यास हवेच्या मानानें जवळजवळ नववा हिस्सा शक्ति पुरते. त्यामुळें तांदुळाच्या कणीएवढा तुकडाहि पुरेसा होतो, आणि खोलीचा हिशेब मिलिमीटरगणिक लागतो.

मात्र ज्या माऱ्याची मोजदाद करावयाची, तोच मारा सिलिकनच्या स्फटिकांत खिंडारें पाडतो, व त्याची साक्ष हळूहळू बदलते. म्हणून २००० सालच्या आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्थेच्या नियमांत मात्रेचें प्रमाण मानण्यास जुनें पात्रच कायम ठेविलें आहे. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं तर रोग्याच्या अलीकडे-पलीकडे सिलिकनच्या पातळ चकत्या ठेवून, एकेका प्रोटॉनचा मार्ग टिपून शरीराचें चित्र काढण्याचा प्रयत्न चालविला.

नवी मुंबईंत खारघर येथें टाटा स्मारक केंद्रांत २०२३ सालीं प्रोटॉन-उपचार सुरू झाला. उपाय रामबाण असला, तरी बाण कोठें रुततो हें पाहणारा डोळा हवाच. त्या डोळ्याची पारख करण्यांतच पाऊणशें वर्षें गेलीं.