सुरूच्या बनातला कोट

रविवारी सकाळी डहाणू लोकल केळवे रोडला थांबली की फलाटावर एकदम जत्रा उतरते. पिशव्यांमधून चटया, डबे, बॅटबॉल. पोरांच्या हातात फुगवायच्या नळ्या. स्थानकाबाहेरच्या रिक्षा भरभरून पश्चिमेला निघतात आणि अर्ध्या तासात सगळा लोंढा केळव्याच्या सुरूच्या बनात पांगतो. शहाळी, भेळ, घोडागाडी, वाळूतले क्रिकेट. तिकीट नाही, फाटक नाही, पण बाकी सगळा थाट एखाद्या मनोरंजन उद्यानाचाच. संध्याकाळी परतणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊकही नसते की याच बनाच्या टोकाला एक अख्खा किल्ला उभा आहे.

मोठ्या करमणुकीच्या जागांचे असे होतेच. माणसे एका मध्याकडे ओढली जातात आणि कडेचे तसेच राहते. बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. त्याच्याच शेजारी २००९च्या फेब्रुवारीत जागतिक विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले. मधल्या एका खांबाचाही आधार न घेता उभा असलेला दगडी घुमट, आत आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतील एवढी जागा. पाळण्यांच्या किंकाळ्या आणि ही शांतता यांत अंतर होते काही मिनिटांचे. तरीही कित्येक घरांतली मुले पाळण्यांवरूनच परत गेली. केळव्यात अंतर त्याहून कमी आहे. फरक इतकाच की इथली शांत जागा आधीची आणि गर्दी नंतरची.

केळव्याचा भुईकोट लहानसा आहे. राजगड-प्रतापगड पाहिलेल्या माणसाला तो खेळण्यातला वाटेल. समुद्राची वाळू वर्षानुवर्षे उडून तटाला टेकत गेली, पुढे ती वाळू धरून ठेवण्यासाठी लावलेले सुरू भोवती वाढले, आणि कोट बराचसा गाडला गेला. गेल्या काही वर्षांत किल्ले वसई मोहिमेच्या स्वयंसेवकांनी घमेली-फावडी घेऊन इथली वाळू उपसली, तेव्हा तो पुन्हा डोळ्यांत भरू लागला. आता बनातून चालत गेले की झाडांच्या उभ्या रेघांआड अचानक दगडाची आडवी रेघ दिसते. आत शिरावे, तटावर चढावे. खाली माणसांचा कालवा आणि इथे सुरूच्या पानांतून येणारी वाऱ्याची सूं-सूं.

पण समुद्रावर किल्ला बांधायचा तर इतका छोटा का? आणि एकच का नाही? केळव्याच्या दक्षिणेला दांड्यात पडक्या कोटाच्या खुणा, त्याच्या पुढे भवानगड. समोर पाण्यात पाणकोट. उत्तरेला माहीमचा कोट, मग शिरगावचा. साधारण पंधरा किलोमीटरच्या पट्टीत एवढी दाटी.

उत्तर खाड्यांत आहे. वैतरणेच्या मुखापासून वर डहाणूपर्यंतचा हा किनारा सलग नाही. दर काही कोसांवर खाडी त्याला चिरत आत घुसते. भात, लाकूड, मीठ, मासळी सगळे होड्यांतून या खाड्यांनीच ये-जा करायचे. खाडीचे तोंड ज्याच्या हातात, त्याच्या हातात आतला मुलूख. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १५५९ साली त्यांनी दमण घेतले, आणि या दोन ठाण्यांमधली पट्टी त्यांच्या ‘उत्तरेच्या प्रांता’त आली. तिथली गावे त्यांनी आपल्या सरदारांना आणि जुन्या सैनिकांना तोडून दिली. अट अशी की गावाचा वसूल खा, पण वेळ पडली तर लढायलाही उभे राहा. त्यामुळे इथे एका राजाने योजून बांधलेला एकच भव्य दुर्ग नाही. ठिकठिकाणी गढीवजा कोट आहेत. एकटा कोट फारसा टिकणारा नव्हे. पण एकावरून दुसरा दिसावा, इशारा पोचावा आणि मदत येईपर्यंत तग धरावा, एवढे त्याचे काम.

पोर्तुगीजांच्या कागदांत केळवे आणि माहीम ही दोन गावे बहुधा जोडीनेच येतात. आजही मुंबईचे माहीम वेगळे कळावे म्हणून लोक ‘केळवे-माहीम’ असेच म्हणतात. यात एक गंमत आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीतली बिंब राजाची महिकावती म्हणजे हेच माहीम. बखरीच्या सांगण्याप्रमाणे राजधानी आधी इथे होती, मुंबई बेटावरचे माहीम त्यानंतरचे. म्हणजे ज्या माहीमला ओळख सांगण्यासाठी केळव्याचा हात धरावा लागतो, तेच परंपरेने थोरले ठरते.

हा थोरलेपणा शोधायचा तर समुद्राकडे पाठ करून वाड्यांमधून चालावे. नारळी-पोफळी, केळी, आणि त्यांच्या सावलीत चढवलेल्या नागवेली. वाडवळांच्या या बागांतले पान दूरदूरच्या बाजारांत जाते. पानवेलीला कडक ऊन सोसत नाही आणि झोंबरा वाराही नाही, म्हणून वाडीला चहूबाजूंनी दाट कुंपण असते आणि आत भर दुपारीही गारवा. केळव्यातच शीतळादेवीचे देऊळ आणि शेजारी रामकुंड. देवी, गोवर, ताप यांच्या साथींनी गावे हादरत होती तेव्हा माणसे हिच्या पायाशी येत. देवीचा रोग जगातून गेला, शीतळादेवीची ओटी भरणे मात्र थांबलेले नाही.

या सगळ्या छोट्या कोटांची खरी परीक्षा वसईच्या मोहिमेत झाली. १७३७च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टी हातात आली, पण उत्तरेचे कोट सहज वाकले नाहीत. माहीमवरचा पहिला प्रयत्न फसला. दांड्याच्या खाडीवर नजर ठेवण्यासाठी मराठ्यांनी याच मोहिमेत टेकडीवर भवानगड उभारला. साखळीतल्या बाकीच्या कड्या पोर्तुगीज, ही एकच मराठी. आज तिथे महादेवाचे देऊळ आहे, तटाचे दगड झाडीत विखुरले आहेत आणि रविवारीही तिथे पाचपन्नास माणसे एकदम दिसत नाहीत. टेकडी म्हणावी एवढीच उंची, पण वरून दांड्याची खाडी आणि केळव्याचा किनारा एका नजरेत येतो. ही जागा का निवडली हे सांगायला गाइड लागत नाही.

१७३९च्या जानेवारीत चिमाजी अप्पांनी ही साखळी कडीकडीने तोडली. माहीम, केळवे, शिरगाव पडले, आणि महिनाअखेरीस तारापूर. तारापूरचा सौदा महाग पडला. भिंतीला सुरुंग लागले, खिंडारातून माणसे घुसली आणि मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर तिथे गोळी लागून पडले. पेशवे बाजीरावांनी त्यांच्या आईला लिहिलेले सांत्वनाचे पत्र मराठी इतिहासात प्रसिद्ध आहे. उत्तरेचे दोर कापले गेल्यावर वसई एकटी पडली आणि मे महिन्यात तीही आली. पाठ्यपुस्तकांत वसईला पान मिळते. ती पडण्याआधी जे पडावे लागले, त्यांना एखादी ओळ.

शिरगावचा कोट या सगळ्यांत सर्वांत नेटका राहिलेला. दरवाज्यावरची घुमटीसारखी टेहळणीची जागा पोर्तुगीज घडणीची, वर चढायला पायऱ्या, आणि भोवताली एक झाड जे पाहून नवख्याला चकवा बसतो: ताडासारखे, पण खोडाला फांद्या फुटलेले. ताडाला, माडाला सहसा फांद्या फुटत नाहीत; याला दोन फुटतात, त्या दोनांच्या चार होतात. म्हणूनच अनेक तोंडांच्या रावणाच्या नावाने याला रावणताड म्हणतात. तटावरून उत्तरेला पाहिले की सातपाटीचा किनारा. तिथे करमणूक म्हणून काहीच मांडलेले नाही. सरंग्यासाठी नावाजलेले हे कोळ्यांचे बंदर आपल्या वेळापत्रकावर चालते: बोटी लागतात, टोपल्या उतरतात, बर्फ फुटतो, लिलावाची बोली चढते. पाहुण्याने फक्त वाटेत उभे राहू नये.

बोईसरकडे गेले की नावांचाच गोंधळ सुरू होतो. ‘तारापूर’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात येते ती अणुभट्टी किंवा औद्योगिक वसाहत. १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र या किनाऱ्यावर सुरू झाले, मागोमाग बोईसरला एमआयडीसीचे कारखाने आले, आणि दोन्हींनी नाव घेतले तारापूरचे. कामगार बोईसरला उतरतो, बोईसरला राहतो, पत्त्यावर मात्र तारापूर लिहितो. मूळ तारापूर हे खाडीकाठचे जुने गाव उत्तरेला आपल्या जागी आहे आणि त्याचा किल्लाही. आत वाडी आहे, ती खासगी मालकीची. विचारून, परवानगी घेऊनच पाऊल टाकावे.

याच तारापूरचे विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची पेढी थेट निजामाच्या राज्यापर्यंत पोचली. सरकारला कर्ज देण्याइतका त्यांचा पसारा होता आणि पेस्तनजींच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपया तिकडे चालला. पुढे निजामाच्या दरबारात रक्कम अडकली आणि पेढी बसली. गावात पारशी वस्तीच्या आणि अग्यारीच्या रूपाने त्या काळाचा माग राहिला आहे. अणुभट्टीच्या कितीतरी आधी या गावाचे नाव हैदराबादेत खणखणत होते.

खाडीपलीकडच्या चिंचणीचा किनारा आता सुट्टीच्या गर्दीचा झाला आहे. इथले सर्वांत मोलाचे मात्र किनाऱ्यावर पाहायला मिळत नाही. १९५५च्या सुमारास चिंचणीत ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे सन ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संजाण मंडलाचा कारभार पाहणारा मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी येतो. विद्वानांच्या मते मधुमती म्हणजे मोहम्मद. या अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर फुकट तरीची सोय केली आणि संजाणला अन्नछत्र घातले, असे पटात नोंदले आहे; देवीच्या मठाला दिलेल्या दानाचाही उल्लेख आहे. हजार वर्षांपूर्वीही या मुलखात चांगला राज्यकर्ता म्हणजे खाडी ओलांडायची सोय करणारा.

मग हे सगळे इतके आडबाजूला कसे पडले? एक कारण लोखंडी आहे. १८६४ साली मुंबईला सुरतेशी जोडणारी बीबीसीआय रेल्वेची वाट पुरी झाली. ती वाट समुद्रकाठ सोडून आतून गेली. १८८२चे ठाण्याचे गॅझेटियर या भागाला माहीम तालुकाच म्हणते. पण स्थानक पालघरला होते. कचेरी, बाजार, वकील, शाळा हळूहळू रुळांकडे सरकले, तालुक्याचे नावही पालघर झाले, आणि १ ऑगस्ट २०१४ला ते जिल्ह्याचे नाव बनले. खाड्यांची वाहतूक आटली तसे खाडीच्या तोंडावरचे पहारेकरी निरुपयोगी झाले. ज्या रेल्वेने माहीम-केळव्याला मागे टाकले, तिनेच पुढे गर्दी परत आणली: एप्रिल २०१३मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि केळवे मुंबईकराच्या एका दिवसाच्या आवाक्यात आले.

उरला पाणकोट. केळव्याच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी, तो नांगर टाकलेल्या जहाजासारखा दिसतो. बांधणीच जहाजाच्या आकाराची. भरतीला भोवती पाणी, ओहोटीला पायी जाता येते. त्यासाठी किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचे गणित उपयोगी पडते: तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा. पौर्णिमेची तिथी पंधरावी, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सव्वापाचच्या सुमारास. त्या दिवसांत उधाण असते, त्यामुळे पाणी जितके वर चढते तितकेच दूर मागेही हटते. तरी एकट्याने जाऊ नये. गावातल्या कुणाला तरी विचारून, सोबत घेऊन जावे आणि पाणी वळायच्या आत परतावे.

पौर्णिमा रविवारी आली की हिशेब मोठा मजेदार जुळतो. दुपारी भरतीत डुंबून दमलेली मंडळी पाचच्या ठोक्याला चटया झटकू लागतात, रिक्षावाले ‘स्टेशन, स्टेशन’ पुकारतात, बन रिकामे होऊ लागते. आणि नेमक्या त्याच वेळी खाडीच्या तोंडाशी पाणी ओसरून ओली वाळू उघडी पडते, पाणकोटाच्या पायथ्यापर्यंत.