अपद्रव्य (शिश्नवेध)

अपद्रव्य हा पुरुषाच्या जननेंद्रियाच्या वेधाचा एक प्रकार आहे. यात शिश्नमुंड वरून खाली, उभे टोचून त्यातून धातूची सरळ दांडी घालतात. दांडीच्या दोन्ही टोकांना फिरकीच्या गोळ्या असतात. वेध बहुधा मूत्रमार्गातून जातो. आडव्या वेधाला अँपालांग म्हणतात. ती प्रथा बोर्निओतील दायक जमातींमध्ये होती.

नाव

हा शब्द वात्स्यायनाच्या कामसूत्रातील असला, तरी तेथे त्याचा अर्थ वेध असा नाही. ग्रंथाच्या सातव्या, औपनिषदिक अधिकरणात सोने, रुपे, तांबे, हस्तिदंत इत्यादींपासून घडवलेल्या कृत्रिम कामसाधनांना ही संज्ञा आहे आणि त्यांतील काही साधनांना वेधाची गरजच नसते. उभ्या वेधाला हे नाव विसाव्या शतकात अमेरिकेत मिळाले. त्यामुळे आजचा प्रकार जसाच्या तसा कामसूत्रात आहे, हा प्रचलित समज ग्राह्य धरता येत नाही.

वेधाचे वर्णन मात्र त्याच अधिकरणात आहे. लहान मुलाचे कान टोचावेत तसा शिश्नाचा वेध करण्याची चाल दाक्षिणात्यांची असल्याचे वात्स्यायन सांगतो. शस्त्राने छेद घेऊन रक्त थांबेपर्यंत पाण्यात उभे राहावे, एक दिवसाआड काढ्याने जखम धुवावी, वेतस व कुड्याच्या काड्यांनी छिद्र क्रमाने वाढवावे, मध व ज्येष्ठमधाने ते स्वच्छ करावे आणि शेवटी बिब्ब्याचे तेल लावावे, असा हा विधी आहे. बिब्बा कातडीवर उततो हे खेड्यापाड्यांतही ठाऊक असते. या विधीचे मोल केवळ ऐतिहासिक आहे.

दागिना व जखम भरणे

शरीरात बसवण्याच्या प्रतीचे टायटॅनियम किंवा निओबियम यांची साधारण २ ते २.५ मिलिमीटर जाडीची दांडी वापरतात. सूज व ताठरता यांसाठी पहिली दांडी मुद्दाम लांब ठेवली जाते; आखूड दांडी मांसात रुतते. पहिले काही दिवस रक्तस्राव होतो. जखम पूर्ण भरण्यास कित्येक महिने लागतात, कारण वेध दाट ऊतीतून जातो. याउलट मूत्रमार्गातून खालच्या बाजूस निघणारा 'प्रिन्स अल्बर्ट' वेध काही आठवड्यांतच भरतो.

जखम निर्जंतुक मिठाच्या पाण्याने (०.९ टक्के) धुतात. ती भरेपर्यंत समागम, पोहणे व वारंवार दागिना फिरवणे टाळावे लागते. अस्वच्छ सुईमुळे कावीळ ब, कावीळ क व एचआयव्ही यांची लागण होऊ शकते. दागिन्यामुळे निरोध फाटण्याचा, तसेच मूत्राची धार फाकण्याचा संभव असतो. मधुमेही आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना धोका अधिक असतो. ताप, पू किंवा न थांबणारा रक्तस्राव झाल्यास दागिना स्वतः न काढता डॉक्टरांकडे जावे. बाहेरील तोंड मिटून पू आत कोंडू शकतो.