तपशिलाचा रकाना

बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेल्या माणसाला जग दोनच रकान्यांत दिसतं: जमा आणि नावे. पण व्हाउचरवर तिसराही एक रकाना असतो, तपशिलाचा. तो कोरा राहिला तरी संध्याकाळी आकडे जुळतात. पैसे कशाचे, हे मात्र ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मताचंही तसंच असतं, हे मला दातिवऱ्याच्या काका-काकूंमुळे कळलं.

जानेवारी २०१८ मध्ये पालघरचे भाजपचे खासदार चिंतामण वनगा वारले. मे महिन्यात पोटनिवडणूक झाली. वनगांचे चिरंजीव श्रीनिवास उभे राहिले शिवसेनेतून, आणि भाजपने उभे केले काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित! काका पूर्वापार कमळवाले. त्यांनी चिन्ह पाहिलं. काकूंनी माणूस पाहिला. "बाप गेलाय बिचाऱ्याचा," म्हणत त्यांनी धनुष्यबाण दाबला.

गावितांना २,७२,७८२ मतं पडली, वनगांना २,४३,२१० आणि बहुजन विकास आघाडीच्या बळीराम जाधवांना २,२२,८३८. माझ्यातल्या कारकुनाने लगेच बेरीज मारली. दुसरा-तिसरा मिळून ४,६६,०४८!

"म्हणजे गावित नको म्हणणारेच जास्त," मी म्हणालो.

"नको कुठं म्हणाले?" काका म्हणाले. "दुसऱ्याला हो म्हणाले, एवढंच."

तपशील कोरा!

२०१९ मध्ये युतीच्या वाटपात जागा शिवसेनेकडे गेली आणि जागेबरोबर गावितही गेले. काका यंत्रापुढे उभे राहिले, तर कमळच नाही. काकूंचा धनुष्यबाण जागच्या जागी, पण शेजारी नाव आदल्या वर्षी ज्यांच्या विरुद्ध बटण दाबलं त्यांचं! गावित पुन्हा निवडून आले. त्या वर्षी मतदान खऱ्या अर्थाने गुप्त झालं: कुणाला दिलं, हे दोघांनी अजून एकमेकांनाही सांगितलेलं नाही. श्रीनिवास त्याच वर्षी आमदार झाले. २०२२ मध्ये शिवसेनेच्याच दोन झाल्या. २०२४ मध्ये गावित आधी भाजपत परतले, मग शिंद्यांच्या शिवसेनेतून पालघरचे आमदार झाले. श्रीनिवासना तिकीट मिळालं नाही. एवढ्या उलटसुलट नोंदी आमच्या खातेवहीत झाल्या असत्या, तर ऑडिटर मुक्कामालाच आला असता.

"कशाला जाता उन्हातून मत द्यायला?" मी एकदा वैतागून म्हणालो.

काकू कोलीम निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन वर्षं व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, असं तूच सांगतोस ना?"