‘बाबॅक’ : खलिफाच्या शत्रूचे नाव

अझरबैजानी ही तुर्की कुळातील भाषा. तिथे मुलांना ठेवले जाणारे ‘बाबॅक’ हे नाव मात्र तुर्की नाही, अरबीही नाही. ते प्राचीन इराणी आहे. मध्य-फारसीत त्याचे रूप होते ‘पापक’. (संस्कृतातील पापाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.) ‘पाप’ म्हणजे पिता आणि ‘अक’ हा लडिवाळपणा दाखवणारा प्रत्यय, संस्कृतात ‘पुत्र’चा ‘पुत्रक’ होतो, तसाच. म्हणजे ‘लाडका पिता’. मराठी वाचकाला ‘बाबा’ आठवला तर नवल नाही.

इ. स. 224 मध्ये सासानी साम्राज्य उभारणारा अर्दशीर स्वतःला पापकाचा पुत्र म्हणवत असे. ते साम्राज्य 651 मध्ये अरबांपुढे संपले.

पुढे 816 च्या सुमारास, अरस नदीच्या दक्षिणेकडील डोंगरांत खुर्रमी पंथाचा एक तरुण नेता अब्बासी खिलाफतीविरुद्ध उठला. अरब इतिहासकार मसूदी त्याचे नाव हसन असे सांगतो. इतिहासात तो राहिला बाबक म्हणून. ‘हसन’ मागे पडावे आणि सासानी घराण्याच्या मूळपुरुषाचे नाव पुढे यावे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

वीस वर्षे खलिफांच्या फौजा त्याच्या बद्द नावाच्या किल्ल्यावर धडकत राहिल्या. अखेर खलिफा मुअतसिमने अफशीन या सेनापतीला पाठवले. 837 मध्ये किल्ला पडला. बाबक अरस ओलांडून निसटला खरा, पण आश्रय देणाऱ्या सहल इब्न सुनबात या सरदारानेच त्याला शत्रूच्या हवाली केले. जानेवारी 838 मध्ये सामर्रा नगरीत हातपाय तोडून त्याला मारण्यात आले. पहिला हात तुटताच त्याने रक्त चेहऱ्याला फासले. रक्तस्रावाने आलेला फिकेपणा लोकांनी भीती समजू नये म्हणून. ही कथा सांगतो अकराव्या शतकातील वजीर निजाम-उल-मुल्क, जो या पंथाचा कडवा विरोधक होता. शत्रूच्याच लेखणीने ती जपली. विजेता अफशीनही पुढे खलिफाच्या रोषाला बळी पडून 841 मध्ये कैदेत मेला.

विसाव्या शतकात सोव्हिएत अझरबैजानने या बंडखोरात शेतकऱ्यांचा, परकी सत्तेविरुद्ध लढणारा नायक पाहिला. नखचिवानमधील एका गावाला त्याचे नाव मिळाले, 1979 मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला. इराणमध्येही ‘बाबक’ हे नाव सर्रास आढळते. तिथे तो अरब सत्तेला झुगारणारा इराणी वीर ठरतो. नाव एक, दावेदार दोन.

आणि बद्दचे अवशेष? ते आजच्या इराणमध्ये, कलेबर गावाजवळच्या उंच कड्यावर आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीपासून इराणमधील अझरबैजानी लोक दर उन्हाळ्यात तिथे त्याचा जन्मदिन साजरा करण्यास जमू लागले. ते हजारोंच्या संख्येने येऊ लागले, तेव्हा इराणी शासनाने किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटांवर पहारे बसवले.