मॅकची प्रणाली आणि परकी यंत्रे

ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या यंत्रावर चालावी हे ती बनवणाऱ्या कंपनीने ठरवायचे का, हा वाद अमेरिकेत पर्सनल कॉम्प्युटर घरोघरी पोचण्याआधीच कोर्टात गेला होता. डेटा जनरल ही कंपनी आपली आरडॉस ही प्रणाली फक्त स्वतःचा नोव्हा प्रोसेसर घेणाऱ्यांनाच देत असे. नोव्हाशी जुळणारे प्रोसेसर बनवणाऱ्या डिजिडाइनने त्याविरुद्ध दावा लावला. एक माल हवा तर दुसराही आमचाच घ्या, ही सक्ती १९८४ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने बेकायदा ठरवली.

मॅकिंटॉशच्या बाबतीत अशा सक्तीची गरज बराच काळ पडली नाही. मॅकच्या बोर्डावर अॅपलची रॉम चिप असे आणि तिच्याशिवाय प्रणाली सुरूच होत नसे. विक्री वाढावी म्हणून १९९५ च्या सुमारास अॅपलने पॉवर कॉम्प्युटिंग, युमॅक्स, मोटोरोला अशा कंपन्यांना मॅकची प्रणाली चालवणारी यंत्रे बनवण्याचे परवाने दिले. पण नवे गिऱ्हाईक येण्याऐवजी अॅपलचेच गिऱ्हाईक तिकडे वळू लागले. १९९७ मध्ये परतलेल्या स्टीव्ह जॉब्स यांनी हे दार बंद केले. परवाने ‘सिस्टिम ७’ पुरते होते, म्हणून पुढच्या आवृत्तीला ‘मॅक ओएस ८’ हे नाव मिळाले आणि जुने करार तिला लागू झाले नाहीत. पॉवर कॉम्प्युटिंगचा परवाना अॅपलने १० कोटी डॉलरचे शेअर देऊन परत घेतला.

जानेवारी २००६ मध्ये मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर आले. आता आतले बहुतेक सुटे भाग कुठल्याही पीसीत सापडतील असेच होते. कुंपण उरले ते दोनच ठिकाणी: प्रणालीचे काही भाग कुलूपबंद करून किल्ली मॅकमधल्या चिपमध्ये ठेवली होती, आणि गिऱ्हाईकासाठीच्या परवाना-करारात लिहिले होते की ही प्रणाली अॅपलचे नाव असलेल्या संगणकावरच बसवावी.

एप्रिल २००८ मध्ये फ्लोरिडातील सायस्टार या कंपनीने मॅकची प्रणाली चालवू शकणारा सुमारे ४०० डॉलरचा संगणक विकायला काढला. तिची पद्धत अशी: मॅक मिनीवरची प्रणाली दुसऱ्या यंत्रावर उतरवायची, त्यात स्वतःचा बूटलोडर (यंत्र सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्रॅम) घालून मूळ प्रत तयार करायची आणि तीच प्रत प्रत्येक संगणकात भरायची. सोबत विकत आणलेल्या मॅक ओएसचा न उघडलेला डबा जायचा. अॅपलने जुलैमध्ये दावा लावला. मॅक ओएस ही स्वतंत्र बाजारपेठच आहे, हा सायस्टारचा मक्तेदारीचा मुद्दा न्या. विल्यम अल्सप यांनी नोव्हेंबरमध्ये फेटाळला. पुढच्या वर्षी स्वामित्वहक्कभंगाचा निकालही अॅपलच्या बाजूने लागला. २०११ मध्ये नवव्या सर्किटनेच तो उचलून धरला: गिऱ्हाईक प्रणालीचा मालक नसून परवानाधारक आहे, आणि अॅपल कुणाला स्वतःची प्रणाली लिहिण्यापासून अडवत नाही.

सायस्टारने अॅपलची प्रत बदलून ती घाऊक वाटली, म्हणून हा निकाल योग्यच म्हणावा लागतो. मात्र १२९ डॉलर मोजून आणलेली डिस्क आपल्याच पीसीत बसवणाऱ्या हौशी माणसाला त्यात काही दिलासा नव्हता. करारभंगाचा ठपका त्याच्यावरही येत होता, आणि हे अन्यायाचे होते.

मे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सायस्टारचे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. २०२० पासून अॅपलने मॅकमध्ये स्वतःचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली, आणि ‘टाहो’ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असेल असे जून २०२५ मध्ये जाहीर केले.