गर्भात मेंदूची जागा कोण ठरवते?

कोरेगावजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी खुडूक कोंबडीखाली बसवलेल्या अंड्यांपैकी एक अंडे तिसऱ्या दिवशी बशीत हलकेच फोडून मुलांना दाखवले, तेव्हा मी तिथे होतो. पिवळ्या बलकावर लाल रेषांचे जाळे, मध्ये धडधडणारा ठिपक्याएवढा जीव आणि भिंगातून पाहिल्यास एका टोकाला डोळ्याची खूण व मेंदूचे फुगवटे. मुले हृदयाकडे पाहत राहिली. एकीने मात्र विचारले, ''बाई, डोकं इथंच व्हायचं हे त्याला सांगतं कोण?''

हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. त्याच्या उत्तराचा काही भाग आपल्या पुण्यात व मुंबईत शोधला गेला, म्हणून ही हकीकत सांगण्याजोगी आहे.

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हान्स स्पेमान या प्राणिशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत हिल्डे मँगोल्ड ही तरुणी डॉक्टरेटसाठी काम करीत होती. न्यूट हा पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी. त्याचा गर्भ जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो. काचेच्या अतिशय बारीक सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास, ही तिची हत्यारे. फिकट रंगाच्या जातीच्या गर्भातील एक विशिष्ट तुकडा कापून तिने तो गडद रंगाच्या जातीच्या गर्भावर, पोटाच्या बाजूला, बसवला. प्रतिजैविके तेव्हा नव्हती, त्यामुळे बहुतेक गर्भ मरून जात. जे थोडे जगले त्यांच्या पोटाच्या बाजूला दुसरा गर्भ उभा राहिला. त्याला स्वतःचा पाठीचा कणा होता, मज्जारज्जू होता.

दोन रंगांच्या जाती वापरण्याचे शहाणपण इथे कामी आले. दुसऱ्या गर्भातील चेतासंस्था मुख्यतः गडद पेशींची, म्हणजे यजमान गर्भाच्या पेशींची होती. पोटाची कातडी व्हायची त्या पेशींना शेजारच्या पाहुण्या तुकड्याने मेंदूच्या वाटेला लावले होते. स्पेमानने या तुकड्याला 'संघटक' असे नाव दिले. निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घरातल्या स्टोव्हच्या भडक्यात भाजून हिल्डे वारली. तिला सव्वीसावे वर्ष चालू होते. १९३५चे नोबेल पारितोषिक एकट्या स्पेमानला मिळाले. ते मरणोत्तर देत नाहीत हे खरे, पण पाठ्यपुस्तकात संघटकाचा उल्लेख येतो तेव्हा हिल्डेचे नाव सांगण्याला कोणाची आडकाठी नाही.

संघटक शेजाऱ्यांना काहीतरी 'सांगतो', तर ते सांगणे एखाद्या रसायनातून होत असणार. मग शोध सुरू झाला आणि लवकरच फसला. १९३२ साली असे दिसले की मेलेला संघटकही काम करतो. पुढे यकृताचे अर्क, वेगवेगळ्या प्राण्यांच्या ऊती, कशाकशाने न्यूटच्या पेशी चेतापेशी होऊ लागल्या! केंब्रिजमध्ये वॅडिंग्टन, नीडहॅम आणि ब्राशे यांनी १९३६ साली दाखवले की मिथिलीन ब्लू या साध्या रंगद्रव्यानेसुद्धा हे घडते. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवायला आपण वापरतो, तेच हे मिथिलीन ब्लू. कोणतीही किल्ली लावली तरी कुलूप उघडते म्हटल्यावर खरी किल्ली शोधायची कशी? अनेकांनी हा विषयच सोडून दिला.

वॅडिंग्टनने मात्र एक मार्मिक तर्क केला. मेंदू घडवणारी क्षमता त्या पेशींमध्ये आधीच असावी, काहीतरी तिला दाबून ठेवीत असावे, आणि ही निरनिराळी रसायने तो दाब उठवीत असावीत. हा तर्क सिद्ध करण्याची साधने त्या काळी नव्हती.

याच वॅडिंग्टनकडे एडिंबरा येथे १९५०च्या दशकात लीला मुल्हेरकर शिकायला गेल्या. कोंबडीच्या गर्भातील कोणकोणत्या भागांत असे प्रेरण करण्याची शक्ती आहे, हे त्यांनी तुकडे बसवून तपासले. त्यांचा त्यावरील निबंध १९५८चा आहे. परत येऊन पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कोंबडीचा गर्भ अंड्याबाहेर, काचपात्रात वाढवण्याचे तंत्र रुजवले. अंडी, ऊब आणि स्थिर हात एवढ्या भांडवलावर चालणारे हे संशोधन आपल्याकडच्या परिस्थितीला मानवणारे होते. केसांच्या कलपातील रसायने गर्भाला कितपत घातक आहेत, याचाही त्यांनी विद्यार्थ्यांसह याच पद्धतीने अभ्यास केला.

वॅडिंग्टनचा तर्क खरा ठरायला आणखी तीन दशके लागली. १९८९च्या सुमारास दिसून आले की बेडकाच्या गर्भातील कातडी होणाऱ्या पेशी एकमेकींपासून सुट्या करून ठेवल्या की त्या आपोआप चेतापेशींच्या वाटेला लागतात. म्हणजे त्या एकमेकींनाच रोखून धरीत होत्या! रोखणारे रेणू म्हणजे बीएमपी नावाची प्रथिने. ती पहिल्यांदा हाडांत सापडली म्हणून त्यांचे नाव हाडांवरून पडले, गर्भातील कामाशी त्या नावाचा काही संबंध नाही. मग संघटक काय करतो? तो नॉगिन (१९९२) आणि कॉर्डिन (१९९४) ही प्रथिने सोडतो. ती बीएमपीला धरून ठेवतात, त्याला पेशीपर्यंत पोचू देत नाहीत. 'मेंदू हो' असा थेट हुकूम संघटक देत नाही, 'कातडी हो' हा हुकूम तो अडवतो. कोंबडीत प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, तिथे इतर संदेशही लागतात. पण अडवणुकीचे तत्त्व टिकले आहे.

मुल्हेरकरांचे विद्यार्थी सुरेंद्र घासकडबी यांनी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रा हा प्राणी अभ्यासाला घेतला. हायड्राला मेंदू नाही, चेतापेशींचे विरळ जाळे तेवढे आहे. तरीही २०१० साली त्यांच्या गटाने हायड्रात नॉगिनचे जनुक असल्याचे दाखवले. इतकेच नव्हे, तर ते बेडकाच्या गर्भात घातल्यावर तिथेही दुसऱ्या अक्षाची अपुरी का होईना, सुरुवात झाली. मेंदू नावाची वस्तू पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी हे रेणू कामाला लागलेले होते.

आता मुंबईकडे वळू. मेंदू कुठे व्हायचा हे ठरले, तरी मेंदूच्या आत कोणता भाग कुठे, हा प्रश्न उरतोच. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या शुभा टोळे अमेरिकेत पीएच.डी. करून शिकागोला एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्याकडे काम करीत होत्या. तिथे उंदराच्या गर्भातील मेंदूच्या बाह्यकाची एक अरुंद कड लक्षात आली होती. तिला साडीच्या काठासारखे 'हेम' असे नाव मिळाले. तिच्या अगदी लगत हिपोकॅम्पस घडतो. आठवणी साठवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. १९९९ साली टोळे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. हा काठच हिपोकॅम्पसचा संघटक आहे का, आणि काठ काठापुरताच का राहतो, असे प्रश्न होते.

उत्तर २००८ साली अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध झाले. एलएचएक्स-२ हे जनुक नसलेल्या पेशी आणि साध्या पेशी यांची सरमिसळ असलेले उंदराचे गर्भ तयार केले गेले. जनुक नसलेल्या पेशी ठिगळांसारख्या एकत्र आल्या, आणि बाह्यकात भलत्याच जागी काठ तयार झाले. प्रत्येक काठाच्या शेजारी, साध्या पेशींमधून, हिपोकॅम्पस घडू लागला. एका मेंदूत अनेक हिपोकॅम्पस! हिल्डे मँगोल्डच्या न्यूटची आठवण व्हावी असाच हा प्रयोग. फरक इतकाच की तिथे सुईने तुकडा बसवला होता, इथे एक जनुक काढून घेतले होते. एलएचएक्स-२ बाह्यकातील पेशींना 'तू काठ होऊ नकोस' असे बजावत असते. या बजावण्याची मुदतही थोडी असते. चेतापेशी तयार होऊ लागण्याआधीच ती संपते, नंतर जनुक काढले तरी काठ होत नाही.

टोळे यांना २०१०चा भटनागर पुरस्कार व २०१४चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. मला स्वतःला त्यांच्या गटाचे २०११चे काम अधिक रंजक वाटते. हेच एलएचएक्स-२ पुढच्या टप्प्यावर हिपोकॅम्पसमध्ये पुन्हा हजर असते आणि पेशींना चेतापेशींऐवजी त्यांच्या साहाय्यक, ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पेशी होण्यापासून काही काळ थोपवून धरते. रेणू तोच, मनाई मात्र दुसरी.

कोरेगावच्या त्या मुलीला बाईंनी त्या दिवशी ''शोधून सांगते'' म्हटले होते. पुढच्या खेपेला त्यांनी फळ्यावर दोन गर्भ काढले, एक गडद, एक फिकट, आणि दुसरी मेंदूची नळी कोणत्या रंगाची होईल ते मुलांनाच ओळखायला सांगितले. निम्म्या वर्गाचे उत्तर चुकले. त्यावर तास संपेपर्यंत भांडण चालले होते.