सौभाग्याचें मर्म

'सौभाग्य' हा शब्द मराठी घरांत उच्चारला कीं कुंकू, मंगळसूत्र आणि पतीचें दीर्घायुष्य याच गोष्टी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. जुन्या संस्कृत ग्रंथकारांच्या लेखीं त्याचा अर्थ याहून व्यापक होता. जो आपल्या माणसाला हवाहवासा वाटतो तो 'सुभग', आणि ज्याचा सहवास नकोसा होतो तो 'दुर्भग'. मग तो पुरुष असो वा स्त्री. मनुष्य सुभग कशानें होतो आणि कोणत्या संवयींनीं दुर्भग ठरतो, याचा विचार या देशांत दीड हजार वर्षांपूर्वीं बारकाईनें झालेला आहे.

वात्स्यायनाचें 'कामसूत्र' इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास रचलें गेलें असावें, असें पुष्कळ पंडित मानतात. त्यांतील 'नागरक' म्हणजे विद्या व द्रव्य संपादून नगरांत राहिलेला गृहस्थ. त्याचा दिवस दांत घासण्यापासून सुरू होतो. पुढें उटी, धूप, पुष्पमाला, आरशांत मुख पाहणें आणि विडा. स्नान रोज, अंगमर्दन दर दुसऱ्या दिवशीं, फेनक लावून मळ काढणें तिसऱ्या दिवशीं, श्मश्रू चौथ्या दिवशीं. झांकलेल्या काखेंतला घाम तर सतत टिपला पाहिजे, असें सूत्रकार बजावतो. शय्येच्या उशाशीं महाळुंगाची साल व विडे ठेवलेले असत. खालीं जमिनीवर पिकदाणी असे. हा थाट अर्थातच श्रीमंताचा होता. पाणी भरणारीं आणि अंग चोळणारीं माणसें ज्याच्या पदरीं असत, त्यालाच तो परवडणार!

पत्नीसाठीं लिहिलेल्या प्रकरणांत मात्र हाच विषय कठोर रूप धारण करतो. घाम, दांतांवरील कीट आणि दुर्गंधी हीं पतीचें मन उडण्याचीं कारणें आहेत हें तिनें ओळखावें. एकांतांत भूषणांवांचून त्याच्या दृष्टीस पडूं नये. वेडेंवांकडें बोलणें, वाईट नजरेनें पाहणें आणि तोंड फिरवून बोलणें टाळावें. येथपर्यंतचा उपदेश समजण्यासारखा आहे. परंतु त्याच वाक्यांत दारांत उभें राहूं नये, बाहेर डोकावूं नये, एकांत जागीं फार वेळ थांबूं नये, अशाही आज्ञा येतात. तेथें अप्रिय संवयींचा प्रश्न संपतो आणि पहाऱ्याचा सुरू होतो. नागरकाची स्वच्छता हा त्याचा डौल म्हणून वर्णिली आहे. पत्नीची मात्र तिचें कर्तव्य म्हणून.

असें असूनही एका बाबतींत या ग्रंथाची दृष्टि फार स्वच्छ आहे. पति वश व्हावा म्हणून मुळ्या व जडीबुटी चारण्याची चाल त्या काळीं होती. गोनर्दीय नांवाच्या आचार्याचें मत वात्स्यायनानें उद्धृत केलें आहे, तें असें कीं, अविश्वास उत्पन्न करणारें याहून दुसरें कारण नाहीं. याच ग्रंथाच्या अखेरच्या अधिकरणांत तगर, कोष्ठ व तालीसपत्र यांच्या लेपासारखे प्रयोग दिलेले आहेत, ही विसंगति खरी. पण तेथेंही आरंभीं रूप, गुण, वय आणि दातृत्व हींच सुभग होण्याचीं साधनें सांगून मगच औषधें सांगितलीं आहेत.

पुढें सहाव्या शतकांत अवंतीच्या वराहमिहिरानें हा विषय पुन्हा हातीं घेतला. ग्रहगणितांत मुरलेल्या या ज्योतिष्यानें आपल्या 'बृहत्संहिते'त दंतकाष्ठें आणि सुगंधी द्रव्यें यांची विस्तृत माहिती दिली आहे. तेव्हां बाह्य स्वच्छतेला तो कमी लेखीत नव्हता, हें उघड आहे. परंतु सुभगत्वाचें प्रकरण लिहूं लागतांच तो अत्तराची कुपी बाजूला ठेवतो. दुसऱ्याचें मन सांभाळण्याची वृत्ति, म्हणजे दाक्षिण्य, हेंच एक कारण. मंत्र, औषधें व कपटप्रयोग यांनीं दोष मात्र पुष्कळ होतात, सुख मिळत नाहीं, असा त्याचा निर्णय आहे. अभिमान सोडणारा प्रिय होतो, अभिमानी अप्रिय होतो. गोड बोलणाऱ्याचीं कामें सहज होतात, ताठ्यानें वागणाऱ्याचीं कष्टानें. सर्वांना प्रिय व्हावयाचें असेल तर माणसाच्या पाठीमागें त्याचे गुण बोलावे. जो दुसऱ्याच्या दोषांच्या कथा सांगत सुटतो, त्याच्या माथीं नसलेले दोषही येऊन बसतात.

वराहमिहिर एवढ्यावर थांबत नाहीं. स्त्रियांची निंदा करणाऱ्यांना तो उलट विचारतो, कीं स्त्रियांचा असा कोणता दोष आहे, जो पुरुषांनीं आचरलेला नाहीं? पतिपत्नींनीं मर्यादा ओलांडली तर शास्त्राप्रमाणें दोष दोघांना सारखाच; पुरुष तिकडे लक्ष देत नाहींत, म्हणून स्त्रियाच श्रेष्ठ, असें तो म्हणतो. पत्नीला दारांतून आंत बोलावणाऱ्या सूत्रकारापेक्षां या ज्योतिष्याचा न्याय अधिक सरळ आहे.

काखेंतला घाम टिपण्यास फडकें पुरतें आणि मुखाची दुर्गंधी महाळुंगाच्या सालीनें कांहीं वेळ तरी झांकतां येते. अभिमानाचा दर्प मात्र ज्याचा त्याला येत नाहीं. तो प्रथम येतो तो शेजारीं राहणाऱ्या माणसाला. म्हणून त्यावर घरांतलें माणूस जें बोलेल तें न रागावतां ऐकणें, हेंही दाक्षिण्यच होय. आणि त्याचें ओझें पति व पत्नी या दोघांनींही सारखेंच उचलावयाचें असतें.